बिनकुलपाच्या गावातली किल्ली

नगरहून संभाजीनगरच्या रस्त्याला लागले, की घोडेगावला शनिशिंगणापूरचा फाटा फुटतो. या वाटेवर रसवंत्यांची रांगच लागते. बैल आपल्या चालीने गोल फिरत असतो, चरकातून रस गळत असतो, आणि येणारी-जाणारी गाडी थांबावी म्हणून पोरे हात हलवीत असतात. एका शनिवारी वाहनतळाजवळच्या अशाच एका रसवंतीत, शेडच्या खांबाला टेकून, माझा भाचा मांडीवर लॅपटॉप उघडून बसला होता. थोरली बहीण, मेहुणे आणि लेकरे दर्शनाच्या रांगेकडे निघाली होती. रस मागवला तोच ह्याचा फोन वाजला आणि चेहरा उतरला.

"मामा, तुम्ही व्हा पुढे. आमची किल्ली बाहेर पडलीय."

मला वाटले, खिशातून घराची किल्ली पडली. मी खाली वाकून पाहूही लागलो! तो हसला नाही. हिंजवडीच्या एका कंपनीत तो काम करतो. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. बऱ्याच लहानमोठ्या पतसंस्थांचे खातेदार मोबाइलवर आपली शिल्लक पाहतात, ते ॲप ही मंडळी चालवतात. त्या सकाळी एका सहकाऱ्याने घाईघाईत एक दुरुस्ती केली. करताना, खातेदारांच्या माहितीचे कोठार उघडणारा परवलीचा शब्द त्याने आज्ञावलीतच लिहिला, आणि ती आज्ञावली साऱ्या जगाला दिसेल अशा ठिकाणी ठेवून दिली. चूक वीस मिनिटांत ध्यानात आली. पण या धंद्यात वीस मिनिटे म्हणजे किती, हे मला त्या दिवशी कळले. दोन तास तो जागचा हलला नाही. रसाचे ग्लास कोमट होऊन गेले, दर्शन तर राहिलेच.

ज्या गावात घरांना कुलपे नाहीत, त्या गावात बसून हा पोरगा जीव तोडून कुलपे बदलत होता! तेव्हापासून ही गोष्ट डोक्यातून जात नाही. त्याला खोदून खोदून विचारले, थोडे इकडेतिकडे वाचले, आणि लक्षात आले की हा प्रकार केवळ संगणकवाल्यांचा नाही. ज्यांचे म्हणून पैसे, पत्ते, आधार क्रमांक आणि दवाखान्याचे कागद आज कुठल्या तरी यंत्रात आहेत, त्या सगळ्यांचा आहे; म्हणजे तुमचा-आमचाच.

चौकट आहे, दार नाही

शिंगणापूरची ख्याती वाचकांना ठाऊक आहेच. नेवासे तालुक्यातल्या या गावी शनिदेवाची काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर उभी आहे. तिला छप्पर नाही. आणि गावातल्या घरांना, जुन्या रिवाजाप्रमाणे, दारे नाहीत. चौकट असते, पडदा असतो, कुत्रे-मांजर शिरू नये म्हणून एखादी फळी टेकवलेली असते. चोरी करणाऱ्याला देवच पाहून घेतो, ही श्रद्धा. २०११ च्या जानेवारीत युको बँकेने इथे शाखा उघडली, तेव्हा 'बिनकुलपाची बँक' म्हणून देशभर तिचे कौतुक झाले. बारकाईने बातम्या वाचणाऱ्यांना मात्र एक गंमत आढळली असेल. दार काचेचे, आत सगळे दिसते. पण सहजी नजरेस न पडणारे, दुरून चालणारे एक विद्युतचुंबकीय कुलूप त्याला होतेच! गावाचा मान राहिला आणि खातेदारांच्या पैशाची काळजीही घेतली गेली.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१० मध्ये, बाहेरगावच्या एका भाविकाने आपल्या गाडीतून ऐवज गेल्याची तक्रार केली होती. २०१५ साली गावाला पोलीस ठाणेही मिळाले. श्रद्धेविषयी मला वाद घालायचा नाही. पण इतकी वर्षे दारावाचून चालले, त्यात देवाच्या धाकाबरोबर आणखी एक गोष्ट असावी असे मला वाटते. गाव लहान होते. कोण कोणाच्या घरात कशाला शिरला, हे ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्यालाही कळत होते. जिथे माणूस ओळखीचा, तिथे किल्ली लागत नाही. किल्ली लागते ती अनोळखी माणसामुळे.

आणि यंत्राला तर सगळेच अनोळखी. त्याच्यापुढे किल्ली धरणारा हात मालकाचा आहे, नोकराचा आहे, की दरोडेखोराचा, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. किल्ली बसली, दार उघडले!

मोळी गव्हाणीत, पोते गोदामात

पण मुळात यंत्राला किल्ल्या द्याव्या लागतात त्या कशासाठी? नगर जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावणे सोपे आहे, कारण त्याने साखर कारखाना पाहिलेला असतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला, तेव्हापासून गळीत हंगाम हा इथला एक सणच आहे. गव्हाणीची पूजा होते, पहिली मोळी पडते आणि मग ऊस एकदा गव्हाणीत गेला, की पुढचे सगळे यंत्रे करतात. चिरणे, पिळणे, रस गाळणे, आटवणे, साखर वेगळी करणे. दुसऱ्या टोकाला पोते शिवून गोदामात जाते.

सॉफ्टवेअरचेही आता असेच झाले आहे. पूर्वी आज्ञावली फ्लॉपीवर किंवा सीडीवर घालून माणूस जात असे. रात्री बँकेचे काम बंद झाले, की तो बसून ती संगणकावर चढवी. परवलीचा शब्द त्याच्या डोक्यात असे किंवा खिशातल्या चिठ्ठीवर. चढवताना चुकले तर सकाळी बँकेत गोंधळ. आज प्रोग्रामर आपल्या जागेवर बसून बदल लिहितो आणि गव्हाणीत टाकतो. पुढे यंत्रच ती आज्ञावली बांधते, तिच्या चाचण्या घेते, खरी-खोटी तपासते आणि चालत्या सेवेवर नेऊन बसवते. या साखळीला ही मंडळी 'पाइपलाइन' म्हणतात. दिवसातून एकदा काय, दहा-वीस वेळा हा हंगाम चालतो. कित्येकदा मध्यरात्री, माणूस झोपलेला असताना.

अडचण इथे आहे. या वाटेवर जागोजागी कुलपे असतात. आज्ञावलीच्या कोठाराला एक, माहितीच्या कोठाराला दुसरे, भाड्याने घेतलेल्या दूरच्या संगणकांना तिसरे. तुमच्या मोबाइलवर ओटीपी पाठवणाऱ्या सेवेला चौथे, पैसे वळते करणाऱ्या सेवेला पाचवे. शिवाय 'हा माल आमचाच' असा शिक्का मारण्याची मोहोर वेगळी. रात्री अडीच वाजता यंत्राला या किल्ल्या देणार कोण? कोणी जागे नाही. म्हणजे त्या आधीच कुठे तरी ठेवून द्यायला हव्यात. आपण घरी नसताना धुण्याभांड्याला मावशी येणार असतील तर किल्ली कुठे ठेवावी, हा घरोघरचा प्रश्न आहे ना? नेमका तोच.

आणि घरोघरचे जे उत्तर, तेच जगातल्या हुशार अभियंत्यांनीही वर्षानुवर्षे दिले आहे. कुंडीखाली!

वहीतले पान फाडता येत नाही

कुंडी म्हणजे आज्ञावलीचाच मजकूर. 'सध्या इथेच लिहून ठेवू, उद्या काढू' असे म्हणायचे. पण आज्ञावली ज्या वहीत ठेवतात, ती जुन्या सावकारी चोपडीसारखी असते. तिच्यात आज काय बदलले, काल काय होते, सारे कायम राहते. आज ती ओळ खोडली तरी कालचे पान शाबूत असते. मागची पाने चाळणाऱ्याला किल्ली सापडतेच. आणि चाळणारी माणसे नसतात, यंत्रेच असतात. जगभरच्या प्रोग्रामरांच्या उघड्या वह्या जिथे ठेवलेल्या असतात, त्या गिटहबवर चोरांची यंत्रे अहोरात्र किल्ल्या हुंगत फिरतात. किल्ली पडल्यापासून काही मिनिटांत ती कोणी तरी फिरवून पाहते. भाच्याची वीस मिनिटे एवढी मोठी का होती, ते यावरून समजावे.

म्हणून त्याने पहिली गोष्ट केली ती चुकीची ओळ पुसण्याची नव्हे. "आधी किल्ली बदलायची मामा, झाडलोट नंतर." दार तेच ठेवून किल्ली परत मिळवण्यात अर्थ नाही, तिचा साचा कोणी घेतला असेल ते कळत नाही. कुलूपच बदलायचे. पण एक कुलूप बदलले, की ते उघडणारे जे जे असतील त्या सगळ्यांना नवी किल्ली पोचवावी लागते. कोणाकोणाकडे जुनी आहे, याची यादी कंपनीत कोणाजवळच धड नव्हती! दोन तासांतला दीड तास गेला तो ही यादी जमवण्यात. एका किल्लीवर किती दारे उघडत होती, हे पाहून तोच हबकला. सोय म्हणून कधी काळी एकच किल्ली सगळीकडे लावलेली.

त्या मुलांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. थोरामोठ्यांचे हेच झाले आहे. २०१६ साली उबर कंपनीच्या अभियंत्यांच्या खासगी वहीत दोघा चोरांना दूरच्या कोठाराची किल्ली लिहिलेली सापडली. तेवढ्यावर ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि चालकांची माहिती गेली. कंपनीने चोरांना १ लाख डॉलर दिले आणि वर्षभर मौन पाळले. गोष्ट जाहीर झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरात. पुढे कंपनीच्या सुरक्षाप्रमुखालाच, प्रकरण लपवल्याबद्दल, २०२२ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयात दोषी ठरवण्यात आले. चोरीपेक्षा झाकपाक महागात पडली. टोयोटाची तऱ्हा आणखी निराळी. गाड्यांच्या ग्राहकांसाठी असलेल्या एका सेवेच्या आज्ञावलीचा काही भाग ठेकेदाराने डिसेंबर २०१७ मध्ये उघड्यावर ठेवला, आणि त्यात कोठाराची किल्ली होती. लक्षात आले सप्टेंबर २०२२ मध्ये. जवळजवळ पाच वर्षे किल्ली दारातच लटकत होती आणि २ लाख ९६ हजार ग्राहकांचे ईमेल पत्ते तिच्यामागे होते.

अशा पडलेल्या किल्ल्या मोजण्याचे काम गिटगार्डियन नावाची एक कंपनी करते. २०२४ या एका वर्षात गिटहबच्या उघड्या वह्यांत तिला २ कोटी ३८ लाख नव्या किल्ल्या सापडल्या. त्याहून वाईट म्हणजे, २०२२ साली सापडलेल्यांपैकी ७० टक्के किल्ल्या पुढेही चालतच होत्या. म्हणजे किल्ली हरवली हे कळले, तरी कुलूप बदलायला कोणी उठले नाही!

झाडावर बसलेला अलिबाबा

बरे, वहीत लिहिलीच नाही. यंत्राच्या कानात हळूच सांगितली, तर? अलिबाबाची गोष्ट आठवा. चोरांच्या गुहेचे दार भक्कम होते, परवलीचा शब्दही कोणाला ठाऊक नव्हता. पण तो म्हणताना एक लाकूडतोड्या झाडावर बसून ऐकत होता. पाइपलाइनमध्ये हे झाड म्हणजे रोजकीर्द. यंत्र आपण केलेले प्रत्येक काम ओळीओळीने लिहून ठेवते, पुढे काही बिघडले तर पाहता यावे म्हणून. त्या भरात कित्येकदा कानात सांगितलेला शब्दही लिहून टाकते! चांगल्या यंत्रणा तो शब्द दिसला की त्यावर फुल्या मारतात. पण शब्द जरा उलटासुलटा करून लिहिला, की फुल्या मारणारा फसतो.

दुसरे झाड म्हणजे हाताखालचे मदतनीस. पाइपलाइन एकट्याची नसते. बांधायला एकाचे अवजार, मोजायला दुसऱ्याचे. २०२१ साली कोडकोव्ह या कंपनीच्या अशाच एका अवजारात चोरांनी फक्त एक ओळ वाढवली. हे अवजार ज्या कारखान्यात चाले, तिथल्या किल्ल्यांचा जुडगा ही ओळ गुपचूप बाहेर पाठवी. ३१ जानेवारीपासून हे चालू होते. १ एप्रिलला एका चौकस ग्राहकाने, मिळालेले अवजार आणि कंपनीने जाहीर केलेली त्याची खूण जुळते का, ते पडताळून पाहिले. ती जुळेना, तेव्हा बिंग फुटले. हजारो गिऱ्हाइकांपैकी एकाने वजन करून पाहिले म्हणून!

यातला उपरोध पुढेच आहे. किल्ल्या सांभाळण्यासाठी 'व्हॉल्ट' नावाची तिजोरी हॅशिकॉर्प कंपनीने २०१५ साली बाजारात आणली आणि ती जगभर वापरतात. त्याच कंपनीला एप्रिल २०२१ मध्ये जाहीर करावे लागले, की आपल्या मालावर शिक्का मारायची मोहोर कोडकोव्हच्या या प्रकारात उघडी पडली. तिने ती तत्काळ बदलली आणि उघडपणे सांगितलेही. तिजोऱ्या घडवणाऱ्याच्या घरी असे होते, तर पतसंस्थेला ॲप करून देणाऱ्या चार पोरांच्या कंपनीचे काय सांगावे?

तिसराही एक प्रकार घडला. सर्कलसीआय ही कंपनी असे कारखाने भाड्याने चालवून देते. डिसेंबर २०२२ मध्ये तिच्या एका अभियंत्याच्या लॅपटॉपमध्ये घातक आज्ञावली शिरली. त्याने रीतसर दुहेरी ओळख पटवून आत प्रवेश केला होता. चोराने ती पटलेली ओळखच उचलली आणि तिच्या जोरावर आत गेला. किल्ल्या कुलूपबंद होत्या, पण चालू यंत्राच्या स्मरणातून चोराने ते कुलूपही उघडले. ४ जानेवारी २०२३ ला कंपनीने साऱ्या गिऱ्हाइकांना कळवले, की आमच्याकडे ठेवलेली प्रत्येक किल्ली बदला. जगभरच्या किती तरुणांची त्या आठवड्यातली झोप गेली असेल, देव जाणे.

पाच तुकडे, तीन हात

मग उपाय काय? पहिला आपल्याला माहीतच आहे. जुनी जाणती बाई घरभर किल्ल्या टाकत नाही; जुडगा एकाच ठिकाणी, कमरेला. पाइपलाइनच्या किल्ल्याही चिठ्ठ्याचपाट्यांवर न ठेवता एका तिजोरीत ठेवायच्या आणि तिथून कोणी, केव्हा, कोणती नेली याची नोंद करायची. पण मग त्या तिजोरीची किल्ली कोणाकडे?

बँकेची स्ट्राँगरूम ज्यांनी पाहिली आहे, त्यांना उत्तर येते. दोन किल्ल्या, दोन अधिकारी; एकट्याने दार उघडत नाही. संगणकाच्या तिजोरीत याची एक सुंदर आवृत्ती आहे, आणि ती शाळेतल्या भूमितीवर उभी आहे. आदी शमीर या इस्रायली गणितज्ञाने ती १९७९ साली मांडली. एका बिंदूतून हव्या तितक्या रेषा काढता येतात. पण दोन बिंदू दिले की रेषा एकच. म्हणजे गुपित एका रेषेत दडवले आणि दोघांना एकेक बिंदू दिला, तर एकट्याला काहीच कळत नाही, दोघे मिळून मात्र गुपित काढू शकतात. तिघे हवे असतील तर रेषेऐवजी वक्र घ्यायचा. 'व्हॉल्ट'मध्ये साधारणपणे पाच तुकडे करतात आणि कोणतेही तीन जमले की तिजोरी उघडते. दोघे गावाला गेले तरी अडत नाही, आणि दोघे फितूर झाले तरी बिघडत नाही! नववी-दहावीतल्या पोरांना भूमितीचा कंटाळा येतो, त्यांना हे जरूर सांगावे.

दुसरा उपाय किल्लीचे आयुष्य कमी करण्याचा. लष्करी पहाऱ्यावर परवलीचा शब्द रोज बदलण्याची चाल जुनी आहे. कालचा शब्द शत्रूने ऐकला असेल, तर ऐको बापडा! तसेच कोठाराची कायमची किल्ली ठेवायचीच नाही. काम निघाले की तासाभरापुरती नवी घडवायची आणि तास संपला की ती आपोआप निकामी.

तिसरा उपाय ऐकला, तेव्हा मी भाच्याला म्हटले, "अरे, हे तर शिंगणापूरच झाले की!" कारण यात ठेवलेली किल्लीच नसते. गिटहबने २०२१ पासून ही सोय खुली केली. कारखान्यातले यंत्र कोठाराच्या दारावर जाते, ते किल्ली घेऊन नव्हे, तर गिटहबच्या सहीशिक्क्याचे एक पत्र घेऊन. 'हे काम अमुक कंपनीचे, अमुक आज्ञावलीचे, आत्ता या घडीला चालू असलेले.' कोठार सही पडताळते, आपल्या यादीत नाव पाहते आणि थोड्या वेळाचा बिल्ला देते. कुंडीखाली काही नाही, म्हणून कुंडी उचलणाऱ्यालाही काही नाही. किल्ली जवळ आहे म्हणून आत घ्यायचे नाही. ओळख पटली म्हणून घ्यायचे.

सोंग

पण ओळखीचे सोंगही आणता येते. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे उदाहरण महाराष्ट्र विसरलेला नाही. तो प्रकार पाइपलाइनचा नव्हे, पण मूळ तेच. ११ ऑगस्ट २०१८ ला २८ देशांतल्या एटीएमांमधून बँकेचे पैसे धडाधड निघू लागले. 'या कार्डाला पैसे देऊ का?' हा प्रश्न बँकेच्या खऱ्या यंत्राकडे पोचतच नव्हता; मध्ये बसवलेले एक तोतया यंत्र परस्पर 'द्या' म्हणत होते! १३ ऑगस्टला आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला वळते झाले. दोन्ही मिळून ९४ कोटींवर रक्कम गेली. यंत्राने यंत्राला ओळखले, असे साऱ्यांना वाटत होते.

पाइपलाइनच्या जगात मार्च २०२५ मध्ये असेच झाले. २३ हजारांहून अधिक प्रकल्प वापरत होते, असा एक छोटा, साळसूद मदतनीस चोरांनी फितवला. नाव तेच, आवृत्तीचा क्रमांक तोच, आत माणूस दुसरा. तो कारखान्यातल्या किल्ल्या रोजकिर्दीत लिहू लागला, आणि ज्यांची रोजकीर्द जगाला उघडी होती, त्यांची गुपिते चव्हाट्यावर आली. ज्यांनी मदतनिसाला नावावरून नव्हे, तर न बदलणाऱ्या ठशावरून आधीच बांधून घेतले होते, ते बहुतेक वाचले. आणि खुद्द शिंगणापूर? २०२५ साली देवस्थानच्या नावाने बनावट ॲप काढून ऑनलाइन पूजेचे पैसे उकळल्याचा आरोप झाला, विधिमंडळात चर्चा झाली, गुन्हाही नोंदवला गेला. घराला दार नसलेल्या गावात चोर शिरला तो मोबाइलमधून.

आपल्या जिल्ह्यात पतसंस्था, दूधसंघ, सोसायट्या यांना तोटा नाही, आणि आता प्रत्येकाला ॲप हवे आहे. संचालक मंडळाच्या सभेत ॲपचा रंग आणि अध्यक्षांचा फोटो यांवर तासभर चर्चा होते, हे मी स्वतः ऐकले आहे. त्याऐवजी ॲप करून देणाऱ्याला चार प्रश्न विचारावेत. आमच्या खातेदारांच्या कोठाराच्या किल्ल्या नेमक्या कुठे आहेत? शेवटच्या केव्हा बदलल्या? नोकरी सोडून गेलेल्या मुलाकडे कोणती राहिली? उद्या एखादी बाहेर पडली, तर बदलायला किती वेळ लागेल? उत्तर द्यायला तो अडखळला, तर काय ते समजावे. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात, माहिती सांभाळण्याची वाजवी काळजी घेतली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत ती सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेला कळवावी, असा दंडक २०२२ सालीच निघाला आहे. 'आम्हाला यातले काही कळत नाही' हे म्हणणे फार दिवस चालणार नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी आम्ही नगरला परतलो. किल्ली कोणी फिरवल्याची खूण त्या वीस मिनिटांत तरी आढळली नव्हती. भाच्याला जरा हायसे वाटले होते, ताईला मात्र त्याचे दर्शन हुकल्याची रुखरुख. ती पुढे झाली, अंगणातल्या तुळशीच्या कुंडीपाशी वाकली आणि खालून घराची किल्ली काढली.

"आई! तू इथे ठेवतेस किल्ली?"

"मग कुठे ठेवू? सकाळी मावशी येऊन गेल्या ना."

त्यानंतर अर्धा तास पोराने आईला जे काही ऐकवले, ते मला दोन तासांच्या रसवंतीतल्या व्याख्यानापेक्षा चांगले समजले. ताईने निमूटपणे ऐकून घेतले. मंगळवारी तिचा फोन आला. ती भल्या सकाळी भिशीला गेली होती. मावशी येऊन, कुंडी उचलून, तशाच परत गेल्या होत्या आणि भांड्यांचा ढीग मोरीत पडला होता. किल्लीची जागा तिने रविवारीच बदलली होती. फक्त मावशींना सांगायचे राहून गेले होते.